मित्राच्या गाडीचे ब्रेक

सप्टेंबर १९५८मध्ये इटलीतील मोंझाच्या शर्यतीत फेरारीची जी मोटार माइक हॉथॉर्नच्या हाती होती, तिचे ब्रेक दुसऱ्याच एका गाडीवरून काढलेले होते. ती दुसरी गाडी पीटर कॉलिन्सची. शर्यतीची नव्हे, रस्त्यावर हिंडण्या-फिरण्याची त्याची खासगी फेरारी. कॉलिन्सला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. हॉथॉर्न आणि कॉलिन्स एकाच संघाचे चालक, जिवलग मित्र. त्या मोसमाच्या अखेरीस हॉथॉर्न फॉर्म्युला वनचा विश्वविजेता ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश चालक. त्यानंतर तीन महिन्यांनी तोही गेला. त्याचे वय होते अवघे २९ वर्षे.

उंचापुरा बांधा, पिंगट केस, गळ्यात बो टाय ही हॉथॉर्नची छबी युद्धोत्तर ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली होती. शर्यतीतही तो बो टाय बांधूनच उतरे. फ्रेंचांनी त्याला फुलपाखरू हे टोपणनाव दिले ते त्यावरूनच. मौजमस्ती, मद्य आणि मित्र यांच्या गोष्टी त्याच्या चरित्रात ढीगभर सापडतात. त्या बाजूला ठेवून त्याच्या कारकिर्दीकडे पाहिले, तर तिची बहुतेक महत्त्वाची वळणे ब्रेकपाशी येऊन थांबतात. गाडी किती वेगाने पळते याइतकेच ती किती लवकर आणि किती वेळा थांबते, हे ज्या दशकात मोटारशर्यतीला उमगले, त्याच दशकात तो गाडी चालवत होता.

हॉथॉर्नचा जन्म १० एप्रिल १९२९ रोजी यॉर्कशायरमधील मेक्सबरो येथे झाला. वडील लेस्ली मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत. ब्रुकलँड्सचा प्रसिद्ध मार्ग जवळ असावा म्हणून त्यांनी बिऱ्हाड दक्षिणेला हलवले आणि सरे परगण्यातील फार्नहॅम गावी टूरिस्ट ट्रॉफी गॅरेज चालवायला घेतले. माइक वाढला तो या गॅरेजमध्ये. पुढे गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीत त्याने उमेदवारी केली. ही कंपनी मालमोटारी आणि अग्निशमन दलाच्या गाड्या बनवीत असे. म्हणजे ज्या वाहनांना थांबवणे हेच मोठे काम, त्यांच्या सान्निध्यात हा मुलगा शिकला.

त्या काळच्या मोटारींना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा आणि त्याच्या आतून दोन्ही बाजूंना दाबले जाणारे ब्रेक शू, अशी ती रचना. एकदा-दोनदा जोराने ब्रेक मारायचा असेल तर ती उत्तम चालते. पण शर्यतीत दर मिनिटाला दोन-तीन वेळा, तेही ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढून ब्रेक लावावा लागतो. गाडीचा सारा वेग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता बंद डब्यात कोंडली जाते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो. पेडल अधिकाधिक खाली जाऊ लागते. लायनर तापला की त्याची पकडही सुटते. घाट उतरून आलेल्या मालट्रकपाशी जो करपट वास येतो, तो याचाच. पेडलवर पाय पूर्ण ताकदीने दाबलेला आहे आणि गाडी मात्र पुढेच चालली आहे, ही अवस्था त्या पिढीतील प्रत्येक चालकाने अनुभवलेली होती.

जुन्या स्पोर्ट्स कार जपणारे हौशी लोक आजही ब्रेकचा दोष प्रथम पायाने ओळखतात. पेडल दाबल्यावर स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा शिरलेली असते किंवा ब्रेक ऑइल उकळलेले असते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. जितके जुने, तितके ते कमी तापमानाला उकळते आणि वाफेचे बुडबुडे दाब गिळून टाकतात. पेडल घट्ट लागून हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कोठेही गळती नसली, तर संशय मास्टर सिलिंडरच्या रबरावर जातो. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा सिलिंडर अडकलेला असतो किंवा लायनरवर तेल उतरलेले असते. पाय काढल्यावरही ब्रेक धरूनच राहिला, तर रबरी नळी आतून सुजलेली असण्याचा संभव मोठा. ती बाहेरून अगदी ठणठणीत दिसते. हे सारे उपाय करता येण्याजोगे दोष झाले. ड्रम तापून थकणे हा मात्र दोष नव्हताच. ती त्या रचनेची मर्यादा होती. कितीही वेळा हवा काढली आणि कितीही लायनर बदलले, तरी ती हटणार नव्हती.

हॉथॉर्न प्रथम गाजला तो १९५२च्या ईस्टर सोमवारी, गुडवुडच्या मैदानावर. कूपर-ब्रिस्टल गाडीतून त्याने त्या दिवशी दोन शर्यती जिंकल्या आणि मुख्य शर्यतीत दुसरा आला. वर्षभरात एन्झो फेरारी यांनी त्याला आपल्या संघात बोलावून घेतले. ५ जुलै १९५३ रोजी रीम्स येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये या २४ वर्षांच्या मुलाने साक्षात हुआन मॅन्युएल फँजिओला अवघ्या एका सेकंदाने हरवले. रीम्सचा मार्ग म्हणजे लांबच लांब सरळ रस्ते आणि त्यांच्या टोकाला तीव्र वळणे. तेथे कोण किती उशिरा ब्रेक लावतो, यावर सारे ठरे. विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील ग्रां प्री जिंकणारा पहिला ब्रिटिश म्हणून हॉथॉर्नचे नाव त्या दिवशी नोंदले गेले.

पुढचे वर्ष कठीण गेले. सिराक्यूसच्या शर्यतीत तो भाजला. जूनमध्ये वडील रस्त्यावरील अपघातात दगावले आणि गॅरेजची जबाबदारी त्याच्यावर आली. तो सक्तीची लष्करी सेवा चुकवतो, असा गिल्ला वृत्तपत्रांनी केला आणि प्रश्न थेट संसदेपर्यंत गेला. वस्तुत: त्याला मूत्रपिंडाचा विकार होता. फार्नहॅमपासून फार दूर राहणे आता शक्य नव्हते. १९५५मध्ये त्याने फेरारी सोडली आणि स्पोर्ट्स कारच्या शर्यतींसाठी जॅग्वारशी करार केला.

जॅग्वारपाशी त्या वेळी असे काही होते, जे इटलीत किंवा जर्मनीत कोणापाशी नव्हते. ब्रेकचा बंद डबाच काढून टाकायचा, चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरवायची आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घ्यायचा, ही कल्पना जुनीच. इंग्लंडचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण तेव्हाचे पॅड धातूचे. त्यांचा कर्कश आवाज सहन होईना. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक पुन्हा पुढे आला. डनलॉप कंपनीने तो मोटारीला लावण्याचा ध्यास घेतला आणि जॅग्वारने त्यासाठी आपल्या गाड्या व चाचणी-चालक दिले. सुरुवातीला अडचणींना तोटा नव्हता. उष्णता तबकडीतून सरळ ऑइलपर्यंत जाई, ऑइल उकळे आणि पेडल जमिनीला टेके. वळणावर चाक किंचित डगमगले, की तबकडी पॅडना मागे ढकली आणि पुढच्या वळणावर पहिला दाब फुकट जाई. एकेक अडचण हुडकून, तपासून दूर केली गेली. जून १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकच्या जॅग्वारमधून रीम्सची शर्यत जिंकली. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी तेथे प्रथमच गाठली गेली. उघड्या हवेत फिरणारी तबकडी थंड होत राही आणि मध्यरात्रीही ब्रेक संध्याकाळइतकाच ताजा असे.

या पार्श्वभूमीवर ११ जून १९५५ची ले मान्सची शर्यत पाहावी लागते.

जॅग्वार डी-टाइपमध्ये हॉथॉर्न, तर मर्सिडीज ३०० एसएलआरमध्ये फँजिओ. मर्सिडीजला ड्रम ब्रेकच होते. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी चालकाच्या पाठीमागे पत्र्याचा एक मोठा पडदा बसवला होता. ब्रेक लावताना तो वर उभा राहून हवा अडवी. पहिले दोन तास या दोघांनी एकमेकांना क्षणभरही सोडले नाही. सायंकाळी साडेसहाच्या आसपास पेट्रोल भरण्यासाठी हॉथॉर्नला थांबायचे होते. ले मान्सला पिट म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेलाच होत्या. मध्ये भिंत नाही, वेग कमी करण्यासाठी वेगळी पट्टी नाही. हॉथॉर्नने लान्स मॅकलिनच्या संथ ऑस्टिन-हीलीला मागे टाकले, गाडी उजवीकडे घेतली आणि ब्रेक लावला. मॅकलिन डावीकडे सरकला. त्याच्या मागून ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या पिएर लेव्हेगच्या मर्सिडीजला वाट उरली नाही. ती ऑस्टिन-हीलीच्या मागच्या उतरत्या भागावर चढली, हवेत उडाली आणि कडेच्या मातीच्या बांधावर आदळली. इंजिन आणि पुढचा भाग सुटून गर्दीत घुसला. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे अंग पेटले. पाण्याने ती आग अधिकच भडकली. ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि स्वत: लेव्हेग मरण पावले. मोटारशर्यतीच्या इतिहासात एवढा मोठा संहार ना आधी झाला, ना नंतर.

लेव्हेग तेव्हा ४९ वर्षांचा होता. १९५२ मध्ये याच मार्गावर तो जवळपास २३ तास एकटा गाडी चालवत होता आणि विजय हाताशी आलेला असताना शेवटच्या तासात त्याचे इंजिन निकामी झाले होते. मर्सिडीजने त्याला संघात घेतले ते त्या पराक्रमाच्या आठवणीने.

या अपघाताची गोष्ट पुष्कळदा एका ओळीत सांगितली जाते: डिस्क ब्रेकची गाडी झटकन थांबली, ड्रम ब्रेकची थांबू शकली नाही. ती अर्धीच खरी आहे. मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीलाही चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, ही बाब या गोष्टीत सहसा गळून जाते. खरी कमतरता मार्गाची होती. १९२३ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीचा रस्ता गाड्यांचा वेग दुपटीहून अधिक वाढला तरी तेथे जवळजवळ तसाच राहिला होता. तरीही गाड्यांच्या थांबण्याच्या शक्तीत आणि वेगात एवढी तफावत असताना त्या एकाच अरुंद पट्टीत धावत होत्या, हे नाकारता येत नाही. हॉथॉर्न स्वत: आपल्या पिटपाशी थांबू शकला नाही, पुढे गेला. मागे येण्यास मनाई असल्याने त्याला आणखी एक फेरी मारावी लागली. परतल्यावर तो कोसळला होता, पुन्हा कधी शर्यतीत उतरायचे नाही म्हणत होता, असे पाहणाऱ्यांनी नंतर सांगितले. जॅग्वारचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी त्याची समजूत घालून त्याला पुन्हा गाडीत बसवले.

शर्यत थांबवली गेली नाही. परतणाऱ्या गर्दीने रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, हे कारण आयोजकांनी दिले. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर आघाडीवर असतानाच आपल्या गाड्या काढून घेतल्या. हॉथॉर्न आणि इव्हॉर ब्यूब जिंकले. विजयानंतर शँपेनसह हसणाऱ्या हॉथॉर्नचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि फ्रान्समध्ये संतापाची लाट उसळली. सरकारी चौकशीने कोणाही चालकाला दोषी धरले नाही. स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवरील मोटारशर्यतींवर बंदी घातली.

तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हॉथॉर्नने या घटनेची आपली बाजू मांडली. तीत आपल्यावर ठपका येतो, असे वाटून मॅकलिनने त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. अपघातानंतर लगेच भेटलेला हॉथॉर्न स्वत:लाच दोष देत होता, हे मॅकलिन विसरला नव्हता. या दोन हॉथॉर्नपैकी खरा कोणता, हा प्रश्न सोपा नाही. त्या रात्री धक्का बसलेल्या तरुणाचे बोलणे म्हणजे कबुली नव्हे. पण चौकशीने निर्दोष ठरवलेल्या माणसाला पुन्हा लिहून खुलासा करावासा वाटावा, यावरून ती सायंकाळ त्याच्या मनातून गेली नव्हती, एवढे दिसते.

१९५७ मध्ये तो फेरारीत परतला. तेथे पीटर कॉलिन्स होता. कॉलिन्स म्हणजे १९५६ मध्ये मोंझाला स्वत:ला विजेतेपदाची संधी असताना आपली गाडी फँजिओच्या हवाली करणारा दिलदार गडी. दोघांची गट्टी इतकी, की ते एकमेकांना अर्ध्या फ्रेंच, अर्ध्या इंग्रजी अशा एकाच लाडक्या नावाने हाक मारीत. १९५८ साठी फेरारीने डिनो २४६ ही नवी गाडी आणली. एन्झो यांच्या १९५६ मध्ये वारलेल्या मुलाचे नाव तिला दिलेले होते. सहा सिलिंडरचे इंजिन जबरदस्त होते. ब्रेक मात्र ड्रमचेच. एन्झो यांची सारी श्रद्धा इंजिनावर. बाहेरच्या कंपनीचा, त्यातही इंग्लंडचा ब्रेक आपल्या गाडीला लावायला ते राजी नव्हते. समोर इंग्लंडचा व्हॅनवॉल संघ डिस्क ब्रेक लावून उतरत होता आणि त्या संघात मॉस व टोनी ब्रूक्स होते.

गंमत अशी, की कॉलिन्सने आपल्या खासगी फेरारी २५० जीटी गाडीला इंग्लंडमध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. फेरारीचा चालक फेरारीच्याच गाडीत, पण ब्रेक परका, असा तो प्रकार. कारखान्याला यापेक्षा स्पष्ट निरोप कोणता द्यायचा?

६ जुलै रोजी रीम्सला हॉथॉर्न जिंकला. त्याच शर्यतीत संघातील तिसरा साथीदार लुइजी मुसो ठार झाला. पंधरा दिवसांत सिल्व्हरस्टोनला कॉलिन्स जिंकला. ३ ऑगस्टला नुर्बुर्गरिंगवर ब्रूक्सच्या व्हॅनवॉलचा पाठलाग करताना कॉलिन्सची गाडी एका वळणावर बाहेर गेली, उलटली आणि तो झाडावर फेकला गेला. अगदी मागेच असलेल्या हॉथॉर्नने ते डोळ्यांनी पाहिले. कॉलिन्सचा त्याच दिवशी मृत्यू झाला.

यानंतर हॉथॉर्नने फेरारीत डिस्क ब्रेकचा आग्रह सोडला नाही. पोर्तुगालमध्ये, २४ ऑगस्टला, त्याला ड्रमवरच धावावे लागले. तो दुसरा आला खरा, पण अखेरच्या फेरीत गाडी घसरून बंद पडली होती आणि ती सुरू करताना त्याने ती उलट दिशेने नेली, असा आक्षेप निघाला. तो बाद होणार, अशी चिन्हे असताना मदतीला धावला तो स्टर्लिंग मॉस, विजेतेपदासाठीचा त्याचा एकमेव प्रतिस्पर्धी. हॉथॉर्नने गाडी रस्त्यावर नव्हे, पदपथावर ढकलली, अशी साक्ष मॉसने स्वत: होऊन दिली. हॉथॉर्नचे सात गुण वाचले.

अखेर एन्झो यांनी मान तुकवली. पण वेळ थोडा होता आणि नवे ब्रेक घडवून घेण्याइतकी सवड नव्हती. कॉलिन्सची गाडी तेथे होतीच. तिच्या डिस्क काढून, डनलॉपच्या तंत्रज्ञांच्या मदतीने त्या हॉथॉर्नच्या डिनोला बसवल्या गेल्या. रस्त्यावरच्या जड गाडीसाठी केलेले हे ब्रेक शर्यतीच्या हलक्या गाडीवर जुळवणे, हे काही चार बोल्ट फिरवण्याचे काम नव्हते. मोंझाला ७ सप्टेंबर रोजी ब्रेकने साथ दिली; दगा दिला तो क्लचने. ब्रूक्स जिंकला आणि हॉथॉर्न दुसरा आला.

१९ ऑक्टोबर १९५८ रोजी कॅसाब्लँकाला शेवटची शर्यत झाली. मॉस जिंकला आणि वेगवान फेरीचा गुणही त्यानेच घेतला. हॉथॉर्नला दुसरा क्रमांक पुरेसा होता. सहकारी फिल हिलने वाट दिली आणि तो त्याला मिळाला. हॉथॉर्न ४२ गुण, मॉस ४१. मॉसच्या नावावर चार विजय होते, हॉथॉर्नच्या नावावर एक. पोर्तुगालमधील साक्ष मॉसने दिली नसती, तर विजेता तोच असता. त्याच शर्यतीत व्हॅनवॉलचा स्टुअर्ट लुइस-एव्हन्स भाजला आणि सहा दिवसांनी मरण पावला. हॉथॉर्नने निवृत्ती जाहीर केली. गॅरेज सांभाळायचे, जीन हॉवर्थशी लग्न करायचे, असे बेत होते.

२२ जानेवारी १९५९ रोजी तो आपल्या जॅग्वार ३.४ मधून लंडनकडे निघाला. रस्ता ओला होता, वारा जोराचा होता. हॉग्ज बॅकची टेकडी उतरताना त्याला संघमालक रॉब वॉकर यांची मर्सिडीज ३०० एसएल भेटली. त्याने तिला मागे टाकले. गिल्डफर्डच्या वळणरस्त्यावर जॅग्वार घसरली, समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या मागच्या भागाला धडकली आणि झाडावर आदळली. दोघांत चुरस लागली होती का, गाडीत काही बिघाड होता का, की ओल्या रस्त्यावर मागची चाके सुटली, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. अपघाती मृत्यू, असा निर्णय चौकशीत देण्यात आला. चाकेच रस्ता सोडून सरकू लागली, की ब्रेक डिस्कचा आहे की ड्रमचा, याने काही फरक पडत नाही.

त्याला फार्नहॅममध्येच दफन करण्यात आले. मॅकलिनचा बदनामीचा दावा सुनावणीविनाच संपला. १९५९च्या मोसमात फेरारीच्या शर्यतीच्या गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या.